कसारा घाटात अडखळणारी १९८५ ची ३१८आय : दोष एअर फ्लो मीटरचा की आणखी कशाचा?

मखमलाबादकर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार.

माझ्याकडे १९८५ सालची बीएमडब्ल्यू ३१८आय आहे. ई३० मालिकेतील ही उजव्या स्टिअरिंगची गाडी माझ्या मामांनी इंग्लंडमधील नोकरी आटोपून परतताना सोबत आणली होती. इंजिन १७६६ सीसीचे एम१० आणि इंधनप्रणाली बॉशची एल-जेट्रॉनिक, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पेट्रोल इंजेक्शन, त्यामुळे कार्ब्युरेटरचा प्रश्नच नाही. एअर फिल्टरच्या डब्याला लागून, आत येणारी हवा मोजणारे ॲल्युमिनियमचे एअर फ्लो मीटर आहे आणि ते मूळचेच असून त्याचे काळे झाकण आजवर कोणी उघडलेले दिसत नाही. गाडी रोजच्या वापरात नाही. सुटीच्या दिवशी गंगापूर धरणापर्यंत एखादी फेरी होते आणि अधूनमधून मुंबईला जाणे होते.

पावसाळा संपल्यापासून गाडीचे पिकअप बिघडले आहे. थंड इंजिन पहिल्याच सेल्फला सुरू होते, पण स्लो रनिंग (पाय न देता चालणारी इंजिनची मंद चाल) थोडे खालीवर होत राहते. पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन क्षणभर गुदमरते, एक-दोन झटके देते आणि मग एकदम उचलते. सपाट रस्त्यावर हे सांभाळून घेता येते. मात्र कसारा घाट चढताना ट्रकच्या मागे वेग कमी करून पुन्हा रेस दिली की गाडी जागीच दम सोडते, आणि मागच्या वेळी तर फिल्टरच्या बाजूने 'फट्' असा मोठा आवाजही आला. त्याशिवाय महामार्गावर साधारण २,५०० आरपीएमला एकाच वेगाने जात असताना कोणी पाय ठेवून काढत असल्यासारखी हलकी ओढाताण जाणवते.

नाशिक शहरातील एका गॅरेजमध्ये दाखवले. तेथील मेकॅनिकने इंजिन चालू असताना मीटरचा प्लग काढला, इंजिन बंद पडले, आणि 'मीटर गेले' असा निकाल त्याने जागेवरच दिला. जुन्या बाजारातील मीटरची जी किंमत त्याने सांगितली ती ऐकून मी गाडी घेऊन परत आलो. दुसऱ्या एका ठिकाणी हे सगळे काढून कार्ब्युरेटर बसवून घेण्याचा सल्ला मिळाला, जो मला मान्य नाही. मित्रमंडळींपैकी काहींनी 'बॉशचाच माल आहे, मायको सर्कलच्या आसपास चौकशी कर' असेही सुचवले.

मीटर खरोखर खराब झाले आहे हे घरच्या घरी, साध्या मल्टिमीटरने खात्रीपूर्वक कसे ठरवता येईल? त्याचे झाकण उघडणे कितपत सुरक्षित आहे? आणि मीटर बदलण्यापूर्वी आणखी काय तपासावे?

एक गोष्ट राहिली; तिचा कदाचित संबंध नसेल. आमच्या इमारतीच्या तळघरातून वर येणारा चढ मी नेहमी रिव्हर्समध्ये चढतो. तेथे ही गाडी कधीच कुरकुर करीत नाही.

नोझलवाला

नमस्कार. ज्या गोष्टीचा 'कदाचित संबंध नसेल' असे आपण शेवटी लिहिलेत, तीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते. रिव्हर्समध्ये चढ विनातक्रार चढणारी आणि पहिल्या गियरमध्ये गुदमरणारी गाडी मीटरचा नव्हे, रबराचा दोष सांगत असते.

आपले मीटर फिल्टरच्या डब्याबरोबर गाडीच्या बॉडीला पक्के बसवलेले आहे, तर थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप, इंजिनवर आहे. या दोहोंना जोडणारा जो घड्या असलेला जाड रबरी बूट आहे, त्याला दोन्हींमधील हालचाल सोसावी लागते. पुढच्या गियरमध्ये जोर लागला की इंजिन आपल्या माउंटिंगवर एका बाजूला कलते आणि रिव्हर्समध्ये नेमके उलट बाजूला. बुटाच्या घडीत चीर पडलेली असेल तर एका दिशेने कलताना ती चीर तोंड उघडते आणि दुसऱ्या दिशेने कलताना मिटते. गाडी उभी असताना बॉनेट उघडून पाहिले तर ती मिटलेलीच असते, म्हणून वरून पाहणाऱ्याला बूट धडधाकट वाटतो. चीर बहुतेक वेळा बुटाच्या खालच्या बाजूला, क्लॅम्पला लागून असलेल्या पहिल्या-दुसऱ्या घडीत सापडते. बूट पूर्ण काढून, घडी बोटांनी फाकवून, उजेडासमोर धरून पाहिल्याशिवाय त्याला प्रमाणपत्र देऊ नये. माउंटिंगची रबरे बसली असतील तर इंजिन आणखी कलते, तेव्हा तीही त्याच वेळी पाहून घ्यावीत.

एवढ्याशा चिरेने इतके का बिघडते, हे समजण्यासाठी या प्रणालीचे काम लक्षात घ्यायला हवे. आत येणारी हवा मीटरमधील पाकळी, म्हणजे फ्लॅप, स्प्रिंगच्या विरोधात ढकलते. पाकळी किती कोनात उघडली ते तिच्या दांड्यावरचा पोटेन्शिओमीटर व्होल्टेजच्या रूपाने कंट्रोल युनिटला सांगतो, आणि ते आकडे व इंजिनचे फेरे यांवरून इंजेक्टर किती वेळ उघडे ठेवायचे हे ठरते. चारही इंजेक्टर एकाच वेळी, क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा उघडतात. आपल्या गाडीला एक्झॉस्टमधील ऑक्सिजन मोजणारा लॅम्बडा सेन्सर नाही, त्यामुळे जळल्यानंतर काय झाले हे युनिटला कळण्याचा मार्गच नाही. मीटर ओलांडल्यानंतर चिरेतून जी हवा शिरते तिची कुठेच नोंद होत नाही. पेट्रोल मोजलेल्या हवेपुरतेच मिळते, मिश्रण पातळ होते, गाडी झटके देते आणि कधीतरी इनटेकमध्ये पेट घेऊन 'फट्' करते. त्या धक्क्याने पाकळी उलट आपटते. वाकलेली, घराला घासणारी पाकळी मी पाहिलेली आहे. म्हणूनच गळती आधी दुरुस्त करावी. ती तशीच ठेवून नवे मीटर बसवल्यास तेही त्याच वाटेने जाते.

गळतीची सर्वांत सोपी परीक्षा कुठल्याही उपकरणाविना होते. गरम इंजिन स्लो रनिंगला असताना ऑइल भरण्याचे झाकण उघडा. क्रँककेसची, म्हणजे इंजिनच्या ऑइल असलेल्या पोटातली, हवा याच बुटाच्या मार्गाने इनटेकमध्ये जाते, त्यामुळे झाकण उघडताच इंजिन स्पष्टपणे डगमगले पाहिजे, कदाचित बंदही पडेल. काहीच फरक पडला नाही तर तितकीच मोठी वाट दुसरीकडे आधीपासून उघडी आहे असे समजावे. डिपस्टिकची रबरी रिंग, झाकणाचे वायसर, इंजेक्टरच्या बुडाची सील आणि ब्रेक बूस्टरचा पाइप हेही याच यादीत येतात. ऑइलची डिपस्टिक नीट न बसल्यामुळे ट्यूनिंग न जुळणाऱ्या गाड्या असतात, हे कार्ब्युरेटरवर वाढलेल्या मेकॅनिकला पटत नाही, कारण कार्ब्युरेटरला त्याने फारसा फरक पडत नाही.

मोठ्या गळत्या यातून कळतील. बारीक शोधायच्या असतील तर मीटर बाजूला काढून बुटाचे तोंड घट्ट बंद करावे, एखाद्या व्हॅक्यूम पाइपमधून सायकलच्या पंपाने अगदी हलका दाब द्यावा आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत. चालू इंजिनवर कार्ब क्लीनर फवारण्याची पद्धत सर्रास दिसते, पण गरम एक्झॉस्टजवळ मी ती कोणालाही सुचवणार नाही.

प्लग काढून दिलेल्या निकालाविषयी एवढेच सांगतो की तो नव्या गाड्यांचा नियम आहे. त्यांत सेन्सरची खबर आली नाही तर युनिट ठरावीक आकडे गृहीत धरून इंजिन चालू ठेवते. एल-जेट्रॉनिकमध्ये तशी सोय नाही. प्लग काढल्यावर इंजिन बंद पडले, याचा अर्थ तोपर्यंत मीटर काहीतरी सांगत होते आणि युनिट ते ऐकत होते.

मायको सर्कलच्या सल्ल्याचे हसू आले, कारण माझे आयुष्य डिझेलच्या पंप-नोझलमध्येच गेले. बॉशच्या, म्हणजे जुन्या मायकोच्या, सातपूरच्या कारखान्याची ओळख डिझेलच्या नोझलची आहे. तेथे या पेट्रोलच्या मीटरची चौकशी करून हाती काही लागणार नाही.

अर्थिंग_पक्की

नोझलवाले काकांशी सहमत आहे. गळतीचा निकाल लागेपर्यंत मीटरच्या झाकणाला हात लावू नये. मात्र झाकण न उघडता करायची विद्युत तपासणी आपण आजच करू शकता, आणि २,५०० आरपीएमवरची ओढाताण वाचून ती करावी असेच मला वाटते, कारण ते लक्षण बुटाच्या चिरेशी पुरते जुळत नाही.

शक्य असल्यास काट्याचा मल्टिमीटर मिळवा. रविवार कारंजा किंवा मेन रोड परिसरातील इलेक्ट्रिकच्या दुकानांत तो अजून मिळू शकेल. डिजिटल मीटर आकडा थांबून थांबून दाखवतो आणि पोटेन्शिओमीटरच्या कार्बन पट्टीवरची क्षणिक तूट त्यात हरवून जाते. काटा मात्र ती तूट झटकन खाली येऊन दाखवतो. जवळ ऑसिलोस्कोप असेल तर उत्तमच.

मीटरचा प्लग जागेवर ठेवून, त्यावरचे रबरी टोपण मागे सरकवून, मागच्या बाजूने बारीक पिना तारांपर्यंत पोचवाव्यात. पुरवठ्याची, अर्थिंगची आणि संकेताची तार कोणती हे आपल्या गाडीच्या वायरिंगच्या नकाशावरून ठरवा. पिनांचे क्रमांक एल-जेट्रॉनिकच्या आवृत्तीप्रमाणे बदलतात, त्यामुळे इंटरनेटवर दुसऱ्या गाडीचे सापडलेले क्रमांक वापरू नयेत. इंजिन बंद, इग्निशन चालू, फिल्टरचा डबा उघडा, अशा स्थितीत पाकळी बोटाने किंवा लाकडी पट्टीने अतिशय सावकाश पूर्ण उघडेपर्यंत ढकला आणि तितक्याच सावकाश परत येऊ द्या. काटा एकाच दिशेने, न अडखळता सरकला पाहिजे. काही आवृत्त्यांमध्ये पाकळी उघडताना व्होल्टेज वाढते, काहींमध्ये ते कमी होते. दोन्ही बरोबर आहे. शून्याकडे झेप घेणारा, थरथरणारा किंवा एका जागी अडकून पुढे उडी मारणारा काटा हा पट्टी झिजल्याचा पुरावा. ओहमवर मोजण्यापेक्षा पुरवठा चालू ठेवून व्होल्टेज मोजणे अधिक विश्वसनीय असते, कारण युनिटला जे दिसते तेच आपल्याला दिसते.

झीज सर्वत्र सारखी नसते. गाडी ज्या स्थितीत जास्त काळ चालते, म्हणजे स्लो रनिंगच्या जागी आणि महामार्गावरील स्थिर वेगाच्या जागी, तेथेच पट्टी घासली जाते. आपल्या ओढाताणीच्या वेगाला पाकळी जिथे असते, तिथे काट्यावर विशेष लक्ष ठेवा.

पाकळी ढकलताना हाताला लागणारा स्पर्शही लक्षात घ्या. ती मऊपणे उघडली पाहिजे आणि सोडल्यावर स्प्रिंगने पूर्ण मिटली पाहिजे. मध्येच खरखर लागली, तर ऑइलच्या वाफेचा चिकट थर आहे की पाकळी घराला घासते आहे, ते टॉर्चने पाहा. थर असेल तर कापडाला क्लीनर लावून पुसा. क्लीनर थेट आत फवारू नका, तो दांड्याच्या बाजूने पट्टीपर्यंत जातो. आणखी एक सूचना : जुन्या प्रकारच्या काही मीटरमध्ये पेट्रोल पंपाचा कॉन्टॅक्टही आतच असतो. तशा गाडीत इग्निशन चालू ठेवून पाकळी ढकलली की पंप गुणगुणू लागतो. त्याला दोष समजू नये.

मीटरच्या तोंडाशी हवेचे तापमान मोजणारा सेन्सर आहे आणि इंजिनवर पाण्याचे तापमान मोजणारा वेगळा. दोन्ही एकाच स्वभावाचे, म्हणजे तापमान वाढले की रोध कमी होतो. २० अंशांना सुमारे अडीच किलोओहम आणि ८० अंशांना तीनशेच्या थोडे वर, अशी अपेक्षा ठेवा. नाशिकच्या थंडीत सकाळी १० अंशांना साडेतीन-चार किलोओहम दिसले तर घाबरू नका. पाण्याच्या सेन्सरची तार तुटली तर युनिटला इंजिन बर्फासारखे थंड वाटते आणि ते पेट्रोल ओतत राहते. गाडी काळा धूर सोडते. हा दोषही गॅरेजमध्ये मीटरच्याच नावावर खपतो. पेट्रोलचा दाबही मोजून घ्या. रेग्युलेटरवर कोरलेला आकडा २.५ किंवा ३ बार असेल. व्हॅक्यूमचा पाइप काढल्यावर तो तसाच दिसला पाहिजे आणि पाइप लावल्यावर स्लो रनिंगला साधारण अर्धा बार खाली आला पाहिजे.

मखमलाबादकर

दोघांचेही मनापासून आभार. गेल्या दोन रविवारी जे तपासले ते लिहितो.

ऑइलचे झाकण उघडले तेव्हा इंजिनला जणू पत्ताच लागला नाही. बूट काढला. वरून तो काळा कुळकुळीत आणि चांगला दिसत होता, पण खालची दुसरी घडी फाकवली तेव्हा बोटाच्या एका पेराएवढी चीर आरपार दिसली आणि तिच्या कडा जुन्या इरेजरसारख्या कोरड्या पडलेल्या होत्या. डिपस्टिकची रिंगही कडक झालेली होती, ती बदलली. बूट मागवला आहे. तोवर आतून-बाहेरून रबराची पट्टी चिकटवून चालवतो आहे. पुढच्या गियरमधले झटके जवळजवळ गेले आणि आता ऑइलचे झाकण उघडताच इंजिन बंद पडू पाहते.

पाण्याचा सेन्सर थंड इंजिनवर २.४ किलोओहम आणि गरम इंजिनवर ३१० ओहम दाखवतो. पेट्रोलचा दाब पाइप काढून बरोबर २.५ बार आहे. काट्याच्या मल्टिमीटरवर मात्र पाकळीच्या प्रवासाच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात एकाच जागी काटा प्रत्येक वेळी क्षणभर घसरतो. २,५०० आरपीएमची ओढाताणही तशीच आहे.

देवळालीकर

बूट सापडला याचे समाधान वाटले. माझ्या मते मात्र आपण एका गोष्टीकडे दुर्लक्ष करीत आहात. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने आपल्या पंपांवर ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेले, पेट्रोल आले आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर इथेनॉलला फक्त ९ किलो. वीस टक्के मिश्रणासाठी हा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. आपले युनिट १९८५ च्या हिशोबानेच पेट्रोल देते, म्हणजे मिश्रण मुळातच सुमारे ८ टक्के पातळ चालते. मीटरचे झाकण उघडणारच असाल तर आतील दातेरी चाकाने स्प्रिंग दोन-तीन दाते सैल करा. पाकळी जरा जास्त उघडेल, पेट्रोल वाढेल आणि ओढाताण जाईल. आमच्या गटातील अनेक जुन्या गाड्यांना हाच उपाय केलेला आहे.

नोझलवाला

ई२० चा हिशोब बरोबर आहे, पण त्यावरचा उपाय आंधळा वाटतो. आधी दुसरी बाजूही मांडू. पाकळी हवेचे वजन मोजत नाही, हवेचा जोर मोजते. हवा विरळ झाली की पाकळीचे मोजमाप कमी होते, पण वजनाच्या प्रमाणात नव्हे, घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. त्यामुळे उंचीवर ही प्रणाली आपोआप थोडी जाड चालते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे आणि येथे हवा मुंबईपेक्षा साधारण साडेपाच टक्के विरळ आहे, म्हणजे मिश्रण जवळपास ३ टक्के जाड होते. ई२० च्या आठातून हे तीन वजा करा, पाच उरतात. एवढ्याने पिकअप थोडा मंदावेल, एकाच आरपीएमला ओढाताण होणार नाही. काटा एका जागी घसरतो आहे आणि गाडीही एकाच जागी अडखळते आहे. हे दोन पुरावे एकमेकांशी जुळत असताना स्प्रिंगकडे वळण्याचे कारण मला दिसत नाही.

दातेरी चाक फिरवले की स्लो रनिंगपासून पूर्ण रेसपर्यंत सगळेच बदलते, आणि मूळ दात कोणता होता हे खुणेशिवाय परत सापडत नाही. फिरवायचेच असेल तर आधी बारीक टोकाच्या मार्करने खूण करा, एका वेळी एकच दात सरकवा आणि प्रत्येक वेळी एक्झॉस्टमधील सीओ (कार्बन मोनॉक्साइड) मोजा. सीओ मोजण्याची सोय आपल्या प्रत्येक पीयूसी केंद्रावर आहे. एप्रिल २००० पूर्वीच्या पेट्रोल मोटारीला ३ टक्के सीओ आणि १,५०० पीपीएम एचसी (हायड्रोकार्बन) ही मर्यादा आहे. त्यात बसली की केंद्रवाला कागद देऊन मोकळा होतो, पण आपल्याला तो आकडा निदानासाठी हवा असतो. गर्दी नसताना जा, इंजिन पूर्ण गरम करा आणि नळी एक्झॉस्टमध्ये असतानाच पडद्याकडे लक्ष ठेवा. गरम इंजिनला स्लो रनिंगवर एक-दीड टक्का सीओ दिसला तर मिश्रणाला हात लावायची गरज नाही. कमी दिसला तर स्प्रिंगऐवजी मीटरच्या बाजूचा बायपास स्क्रू आत फिरवा. त्याने पाकळीला वळसा घालून जाणारी हवा कमी होते आणि मिश्रण जाड होते. मात्र त्याचा परिणाम मुख्यतः स्लो रनिंगपुरताच असतो. पट्टी चिकटवून बुजवलेल्या बुटाने घेतलेला आकडा मात्र धरू नका. नवा बूट बसवल्यावरच मोजा.

इथेनॉलबद्दल मला मिश्रणापेक्षा रबराची काळजी जास्त आहे. गाडीतील पेट्रोलचे पाइप १९८५ चे असतील तर ते टाकीपासून इंजेक्टरपर्यंत बदलून घ्या, आणि हे काम मीटरच्या आधी करा. अडीच बार दाबाखालचा पाइप गरम एक्झॉस्टवर गळला तर मीटरचा प्रश्नच उरणार नाही.

देवळालीकर

एकच जागा घसरते आहे हा मुद्दा मान्य. स्प्रिंगच्या बाबतीत माझे मत मी बदलत नाही. लॅम्बडा नसलेल्या गाडीला ई२० वर पूर्ण लोडमध्ये पातळ चालवत घाट चढवणे मला जास्त धोक्याचे वाटते. सीओ मोजूनच करावे, हे मात्र बरोबर.

अर्थिंग_पक्की

मखमलाबादकर, आता झाकण उघडण्याइतका पुरावा आपल्याकडे आहे, आणि मीटर बदलण्याची गरज बहुधा पडणार नाही.

बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि मीटर टेबलावर घ्या. काळे झाकण सिलिकॉनने चिकटवलेले असते; पातळ धारेची सुरी चारही बाजूंनी थोडी थोडी फिरवत सोडवा, एका कोपऱ्यातून उचकटल्यास ते तडकते. आत पांढऱ्या सिरॅमिकच्या पाटीवर काळ्या कार्बनचा कमानीसारखा पट्टा दिसेल आणि त्यावर फिरणारी वायपरची बारीक बोटे. भिंग घेऊन तिरप्या उजेडात पाहा : चांगला पट्टा एकसारखा मंद काळा दिसतो, तर बोटे जिथे सतत घासली तिथे आरशासारखी चकाकी किंवा खालचा पांढरा रंग उघडा पडलेला दिसतो. आपल्याकडे ही जागा पहिल्या एक-तृतीयांश भागात सापडेल.

कॉन्टॅक्ट क्लीनरने पट्टा पुसून आधी पुन्हा मोजा. नुसती धूळ असेल तर तेवढ्यावर भागते. नाही भागले तर बोटे केसभर आत किंवा बाहेर, म्हणजे वायपरच्या लांबीच्या दिशेने, अशी हळूच वाकवा की ती झिजलेल्या चरीच्या शेजारच्या कोऱ्या कार्बनवरून जातील. येथे एकच पथ्य आहे : वायपरचा कोन बदलता कामा नये. त्याचा क्लॅम्प दांड्यावर थोडा जरी फिरला तरी पाकळीच्या प्रत्येक स्थितीला वेगळा व्होल्टेज जाईल आणि काकांनी स्प्रिंगबद्दल जो इशारा दिला तोच प्रसंग ओढवेल. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी पाकळी मिटलेली असतानाचा आणि पूर्ण उघडी असतानाचा व्होल्टेज लिहून ठेवा, आणि काम झाल्यावर दोन्ही आकडे तेच येतात याची खात्री करा. बोटांचा दाब वाढवू नका; जास्त दाबाने नवी जागाही लवकर झिजेल.

झाकण परत बसवताना सिलिकॉन बघून घ्या. हार्डवेअरच्या दुकानातील ज्या ट्यूबला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, ते सिलिकॉन सुकताना आम्ल सोडते आणि आतील तांब्याचे सांधे हिरवे करते. इलेक्ट्रॉनिक कामासाठीचे, वास नसलेले न्यूट्रल सिलिकॉन मागा. त्याचा थर सर्व बाजूंनी अखंड हवा, कारण इगतपुरीच्या पावसात त्या झाकणातून ओल आत गेली की पट्टा पुन्हा खराब होतो. आणि झाकण पक्के करण्यापूर्वी एकदा महामार्गावर जाऊन २,५०० आरपीएमला चालवून पाहा. तोवर ते चिकटपट्टीने धरून ठेवले तरी चालेल.